करडईच्या पानावरची अंडी

महामायाला त्या हिवाळ्यात कुठंही टेकलं की झोप यायची. स्कूटीच्या वाटेत सिग्नल नव्हता म्हणून बरं, नाहीतर तिथंही डुलकी लागली असती. चाकूरच्या आसपासची आठ गावं तिच्याकडं. कृषी सहायक म्हणून बावीस वर्षं झाली होती आणि वय एकोणपन्नास. घरी सासू कोंडाबाई. गेल्या वर्षी लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली. नवरा आनंदराज नांदेडला नोकरीला, शनिवारी यायचा. सकाळी सासूला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, मग शेजारची बसम्मा येऊन बसली की स्कूटीला किक. किक मारतानाच कंबरेतून कळ जायची.

त्यात डिसेंबरात एक नवंच लचांड मागं लागलं. किडीची पाहणी करायची आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा. करडईवर मावा पडला होता. एकेक किडा मोहरीएवढा, काळा. महामायानं वाकून, गुडघे मोडून चाळीस फोटो काढले. सगळ्यांत हिरव्यावर काळा डाग. वरच्या ऑफिसातून निरोप आला, "अस्पष्ट आहेत, पुन्हा पाठवा."

"पुन्हा," ती स्वतःशीच म्हणाली आणि स्कूटीवरच बसून राहिली.

त्याच आठवड्यात ती भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला बाजारातल्या सोमेशच्या दुकानात गेली. सोमेश तिच्याच वयाचा, बाप घड्याळजी, हाही घड्याळजी. एका डोळ्याला भिंग लावून तो मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालत होता. तिथंच स्टुलावर बसल्या बसल्या तिनं विचारलं, "त्यातून केवढं दिसतं हो?"

सोमेशनं भिंग काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते आपल्या बोटाला लावलं. बोटावरच्या रेषा नांगरलेल्या रानासारख्या दिसल्या. मग तिनं सहज ते मोबाइलच्या कॅमेऱ्यावर धरलं.

"असं धरून हात थरथरंल," सोमेश म्हणाला. त्यानं खणातून कडेला टवका उडालेलं एक जुनं भिंग काढलं, रबरानं मोबाइलला घट्ट बांधलं. "न्या ताई, माझ्या कामाचं न्हाई. फक्त एक ध्यानात ठेवा. ह्याचं अंतर ठरलेलं हाय, दोन बोटं. भिंग हलवायचं न्हाई, आपण पुढं-मागं सरकायचं. कोपर कशाला तरी टेकवा. अन् दाबताना श्वास रोखा."

"रोखायला श्वास उरला पाहिजे ना," महामाया म्हणाली. सोमेश हसला. ती हसली नाही, कारण ते खरं होतं.

पहिले दोन दिवस काहीच साधलं नाही. दुपारच्या वाऱ्यात पान हलायचं. किड्याचं डोकं स्पष्ट आलं तर पाय धुकट, पाय आले तर डोकं गेलेलं. करडईच्या काट्यांनी मनगटं ओरबाडून निघाली. शंभरावर फोटो काढले आणि पुसून टाकले. तिसऱ्या दिवशी तिनं बसम्माला लवकर यायची विनवणी केली आणि सूर्य वर यायच्या आधी शिवकांताच्या रानात पोचली. लवकर जायची अक्कल थकव्यानंच दिली होती. दुपारी उन्हात उभं राहायची ताकदच नव्हती.

शिवकांता विधवा बाई, दोन एकर करडई लावायची, घरच्या तेलापुरती ठेवून बाकी विकायची. ती पंप पाठीला लावायच्या तयारीतच होती.

"मॅडम, एवढ्या थंडीत? बरं झालं आलात. लई मावा पडलाय. फवारूनच टाकते आज."

"दहा मिनिटं थांबा. एक फोटो काढू द्या."

दव पडलेलं होतं. वारा नव्हता. मावा गारठून जिथल्या तिथं चिकटून बसला होता. महामाया मातीत बसली, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि मोबाइलसकट अंगानं पुढं सरकत गेली. पडद्यावर एकदम सगळं उघडलं. मावा नुसता काळा नव्हता, तेल लावल्यागत चमकत होता. पाठीवर दवाचा थेंब होता, पाय केसाएवढे. तिनं श्वास रोखला आणि दाबलं.

मग पानाच्या खालच्या बाजूला तिला काहीतरी पांढरं दिसलं. बुरशी असंल असं वाटलं. मोबाइल तिकडं नेला, तर केसासारखा बारीक ताठ देठ आणि त्याच्या टोकावर एक अंडं. शेजारी दुसरं, तिसरं. टाचण्या टोचून ठेवल्यागत.

महामाया बघतच राहिली. ही अंडी तिला माहीत होती. ट्रेनिंगला असताना वहीत चित्र काढलं होतं, नाव पाठ केलं होतं, क्रायसोपा, मित्रकीटक. अळी निघाली की मावा खाते, असं बावीस वर्षं ती गावोगाव सांगत आली होती. पण डोळ्यांनी आजच बघत होती.

"शिवकांताबाई, फवारू नका," ती बसूनच म्हणाली. "ह्यातून अळ्या निघतील, त्या मावा खातील."

शिवकांतानं मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे माझ्या रानात हाय?"

"ह्याच पानावर."

"अन् नाही निघाल्या तर? पीक माझं जाईल मॅडम, तुमचं न्हाई."

महामायानं बांधाकडं नजर टाकली. "खरं आहे," ती म्हणाली. "बांधाकडच्या ओळींत मावा फार आहे, तिथं फवारा. मधलं आठ दिवस सोडा. मी रोज येते."

रोज येते असं बोलून बसली आणि मग पस्तावली. रोज म्हणजे रोज पहाटेचं उठणं. पण गेली. सहाव्या दिवशी अंडी फुटलेली दिसली. आठव्या दिवशी अळी सापडली, तांदळाच्या कणीएवढी, विळ्यासारखे दोन जबडे. त्या जबड्यांत मावा होता, पाय झाडत. अकराव्या फोटोत दोन्ही स्पष्ट आले. शिवकांतानं तो बघितला आणि म्हणाली, "अगं बाई, केवढीशी हाय अन् कशी धरली हाय!" पंप तिनं घरी नेऊन ठेवला. मधल्या रानातला मावा सगळा गेला नाही, पण आटोक्यात राहिला. बांधाकडच्या ओळी फवारूनही थोड्या वाळल्याच.

फोटो वर पाठवले. उत्तरात एक अंगठा आला.

त्या संध्याकाळी कोंडाबाईंना भरवताना तिनं अळीचा फोटो मोठा करून त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. उभा जन्म त्यांनी लोकांच्या रानात खुरपण्यात घालवला होता.

"ओळखता का आत्या? ही मावा खाते."

कोंडाबाईंनी मान पुढं करून बघितलं. आता त्यांचे शब्द तोंडातून ओढत यायचे. "हिला... नाव न्हवतं. खुरपताना... हातावर चढायची. चावायची बी. झटकून टाकायचो." मग म्हणाल्या, "एवढी... चांगली होती व्हय?"

"हाव."

"मग... अजून दाखव."

महामायानं दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. पुसायचे राहून गेलेले धुकट फोटोही कोंडाबाईंनी बघितले आणि प्रत्येकाला विचारलं, हे काय, हे काय. ताटातली भाकर गार झाली. सातव्या-आठव्या फोटोला महामायाचे डोळे मिटायला लागले. तिनं मोबाइल सासूच्या चांगल्या हातात दिला, पडदा बोटानं कसा सरकवायचा ते दाखवलं आणि तिथंच खाटेच्या कडेला डोकं टेकवलं.