रांजणातला खडा

माझे अब्बा, भोरचे हाफिजभाई, विहिरींना सुरुंग लावायचे. खडकात पोकळी लागली की आत चकाकणारे खडे निघायचे. त्यातला सगळ्यात देखणा खडा ते त्या घरच्या बाईला द्यायचे आणि रांजणाच्या तळाशी ठेवायला सांगायचे. पाणी गोड राहतं म्हणे. कुणी सांगितलं? कुणीच नाही, त्यांच्याच डोक्यातलं खूळ.

१९९८ साली मी पुण्यात स्फटिकांवर संशोधन करत होते. राजगडाखालच्या पालीत सावळाराम नावाच्या शेतकऱ्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या विहिरीत सापडलेला एक हिरवट कण अब्बांनी मला आणून दिला. तसला दगड मी पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता. क्ष-किरणांनी त्यातल्या अणूंची मांडणी शोधायला बसले. मधला अणू फॉस्फरसचा धरला, अब्बांनाही तसंच, धोका काही नाही म्हणून, ठोकून सांगितलं आणि मोठा तुकडा मागितला. ते पुन्हा पालीला जाऊन घेऊन आले. बघते तर कडा सगळ्या गोल झालेल्या. नदीतला गोटा उचलून आणलात का, म्हणून मी त्यांच्यावर खेकसले. ते पिशवी उचलून भोरला परतले.

गणित काही केल्या जुळेना. महिनाभर डोकं फोडलं. शेवटी फॉस्फरस काढून तिथं आर्सेनिक बसवलं, आणि सगळं जुळलं. आर्सेनिक म्हणजे सोमल, जहर. आधी मी आनंदाने उडालेच. मग तो गोल कडांचा तुकडा आठवला. पाण्यात विरघळल्याशिवाय या स्फटिकाच्या कडा अशा होणार नव्हत्या.

भोरला फोन लावून विचारलं, तुकडा कुठून आणला.

"सावळारामच्या चंद्राबाईच्या रांजणातनं," अब्बा म्हणाले. "दिलेलं समदं कसं परत मागू? आर्धा फोडून आनला. आर्धा तितंच हाय."

मी पुण्याहून, अब्बा भोरहून, मिळेल त्या एसटीने आम्ही पाली गाठली. अब्बांनी रांजणात खांद्यापर्यंत हात घातला. उरलेला खडा हरभऱ्याएवढा झाला होता. सावळारामची बायको चंद्राबाई थट्टा करत होती, दिलेला दगड दोनदा नेता व्हय म्हणून. अब्बांनी सोमलाचं नाव घेतलं आणि तिचं हसू गेलं. तिने स्वतःचे तळवे पाहिले. त्यांवर बारीक टणक गाठी आल्या होत्या, सोमलाने येतात तशा; विहिरीच्या दोराने आल्या असतील असं ती इतके दिवस समजत होती.

"नातीला पन ह्येच पाजलंय म्या," एवढंच म्हणाली.

घरातल्या सगळ्यांना पुण्याला नेलं. अंगात सोमल निघाला, पण वेळेत थांबलं, वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. विहिरीचं पाणी साफ निघालं.

अब्बा मात्र दुसऱ्या दिवसापासून भाटघर, सारोळे, जिथं जिथं खडे दिले होते तिथं फिरू लागले. रांजणात हात घालून एकेक खडा काढून घ्यायचे. ते साधे खडे आहेत, त्यांनी काही होत नाही, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं, चिडून सांगितलं.

"ह्यो पन तुला आदी फॉस्फरसच वाटला व्हता ना?" ते म्हणाले, आणि एसटी पकडायला निघून गेले.