देऊन ठेवलेली फळी

अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसऱ्याच्या दुकानातला माल फुकटात नीट लावून देणारा माणूस आजवर एकच जन्मला, आणि तो नेमका माझ्याच बोकांडी साहेब म्हणून बसला. साहेब तरी कसला! चोवीस वर्षांचं तेलगावचं पोरगं. एम.बी.ए. होऊन आमच्या सुपरमार्केटात ट्रेनी मॅनेजर म्हणून रुजू झालं, तेव्हा मिशीसुद्धा धड आलेली नव्हती. मी तिथं फ्लोअर सुपरवायझर. त्याआधी सोळा वर्षं धान्यबाजाराच्या मोंढ्यातल्या एका किराणा दुकानात काउंटरमागं उभं राहून, जो जे मागेल ते त्याला काढून दिलेलं. मराठी घेऊन बी.ए. झालो होतो, त्याचा उपयोग पुडी बांधायच्या आधी रद्दीवरचा मजकूर वाचण्यापुरता. कंपनीनं मला सांगितलं, या मुलाला सहा महिन्यांत दुकान शिकवा. त्याला सांगितलं, सहा महिन्यांनी पुण्याहून मोठे साहेब येतील, पसंत पडलास तर मॅनेजर, नाही तर तेलगाव. आणि तेलगावात त्याच्या अंगणवाडीसेविका आईनं आधीच गावभर पेढे वाटून पोरगं मॅनेजर झाल्याचं सांगून टाकलं होतं. ट्रेनी हा शब्द तिनं गाळला होता. त्यामुळं पोराला परत जायची सोय उरली नव्हती.

टाय सक्तीचा होता आणि गाठ त्याला येत नव्हती. प्रशिक्षणाच्या वेळी होस्टेलातल्या कुणी तरी एकदा बांधून दिलेली गाठ यानं जिवापाड जपली होती. सकाळी ती डोक्यातून गळ्यात घालायची आणि सुट्टी झाली की तशीच डोक्यातून काढून स्टोअररूममधल्या खिळ्याला अडकवायची. एकदा सफाईच्या मावशींना दया आली. त्यांनी टाय धुवायला नेला आणि गाठ सोडली. साहेबाचा चेहरा असा पडला की मला वाटलं, घरी काही बरंवाईट झालं. दुकानात कुणालाच गाठ येईना. शेवटी गल्लीच्या तोंडाशी बँडवाले राहायचे, त्यांच्या क्लॅरिनेटवाल्यानं बांधून दिली. तेव्हापासून आमच्या साहेबाच्या गळ्यात लाल पिवळ्या पोशाखातल्या बँडवाल्याची टपोरी गाठ होती, आणि ती त्याला शोभायचीसुद्धा.

प्रशिक्षणात त्याला शिकवलं होतं की गिऱ्हाईक आत आलं की हसायचं आणि विचारायचं, "मी आपली काय मदत करू शकतो?" पहिल्या दिवशी त्यानं दारातच एका पटकेवाल्या बाबांना हे विचारलं. बाबा जागच्या जागी थबकले. "कावून? काय झालं?" म्हणाले. "काही नाही, मदत." "मदत कसली? मी काय पडलो का?" असं म्हणून बाबा धोतर सावरत जे बाहेर पडले, ते तडक बसस्टँडपर्यंत मागं न बघता गेले. साहेबानं डायरीत लिहिलं, 'मदत हा शब्द वापरू नये.' प्रत्येक चूक त्या डायरीत जायची. चार महिन्यांत दुसरी डायरी आणावी लागली.

पण त्याचं खरं वेड वेगळंच होतं. पाकिटांची तोंडं पुढं असली पाहिजेत आणि आधी आलेला माल पुढं, नंतर आलेला मागं, म्हणजे जुना आधी जातो. नियम कंपनीचाच, पण कंपनी तो दुकानापुरता पाळते. हा चहा प्यायला टपरीवर गेला तरी बोलता बोलता तिथल्या बिस्किटांच्या बरण्या सरळ करायचा. एकदा मी त्याला घरी जेवायला नेलं. मी हात धुवून येईपर्यंत यानं आमच्या फडताळातले डबे नावं पुढं करून लावले होते आणि दोन वर्षांपूर्वीचं लोणचं पुढं काढून ठेवलं होतं. मला वाटलं, आता बायको मला धरून झोडपते. तर ती म्हणाली, "यांना दर आठवड्याला आणत जा." माझ्या हातनं पंचवीस वर्षांत एक डबा हलला नव्हता, हेही तिनं पाहुण्यासमोर सांगून घेतलं.

माझ्या पुतणीच्या लग्नात मात्र त्यानं कहर केला. पंगतीवर लक्ष ठेवायला चांगला माणूस म्हणून मीच त्याला उभा केला, माझीच अक्कल. आपल्याकडं नवरदेवाकडची मंडळी कितीही उशिरा येवोत, पहिली पंगत त्यांची. हे सांगावं लागतं असं मला वाटलंच नाही. वऱ्हाड आष्टीकडचं, बारा वाजता यायचं ते दोनला आलं. तोवर याच्या हिशेबानं आमच्या गावची माणसं सकाळपासून येऊन बसलेली, म्हणजे जुना माल. त्यानं त्यांना आधी बसवलं, आग्रह कर करून जिलबी वाढली, आणि विहीणबाईंना हात जोडून सांगितलं, "ताई, तुमचा नंबर तिसऱ्या पंगतीत हाय." विहीणबाई जी रुसली, ती माझ्या थोरल्या भावानं डोक्यावरची टोपी काढून पायाशी ठेवली तेव्हा कुठं पानावर बसली. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "साहेब, माणसं म्हणजे बिस्किटं न्हाईत." तो बिचारा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "काका, पर सकाळपासून बसलेल्या म्हाताऱ्यांना लई भूक लागलती हो."

आमच्या दुकानाची एक अडचण होती. बाजाराच्या दिवशी नेकनूरकडच्या बाया बसनं यायच्या, दुकानात शिरायच्या, तासभर फिरायच्या आणि रिकाम्या टोपल्या दारात ठेवून निघून जायच्या. आमचं सगळ्यांचं मत, या गार हवा खायला येतात. साहेबाला ते पटेना. एक दिवस एक आजी चहापत्तीच्या फळीसमोर अर्धा तास उभी होती. हा जवळ जाऊन उभा राहिला. मदत हा शब्द न वापरता म्हणाला, "आजी, काय पाह्यजे?"

"च्यापत्ती."

"ही काय समोर हाय की."

"हाय की. दिसती मला. पन कुनी दिना."

"तुमीच घ्यायची असती इथं."

आजीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "न्हाई रं बाबा. दुकानदारानं दिल्याबिगर मालाला हात लावला तर त्याला काय म्हनतेत? आमच्यात तसलं न्हाई."

मी चार पावलांवर होतो. सोळा वर्षं माल काढून दिलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. सुचलं त्याला. त्यानं फळीवरचा पुडा उचलला, पुढचाच, आणि दोन्ही हातांनी आजीला दिला. "घ्या. मी दिला." आजीनं तो कपाळाला लावून टोपलीत टाकला आणि म्हणाली, "आता साबन दे."

झालं! पुढच्या बाजाराला सगळ्या बाया याच्या मागं. "देनारं पोरगं कुटंय?" एवढंच विचारायच्या. मी द्यायला गेलो तर म्हणायच्या, "तुमी राहू द्या, ते येऊ द्या." हा बँडवाल्याची गाठ सावरत या फळीवरनं त्या फळीवर पळायचा. टोपल्या भरून जायला लागल्या, पण मी वैतागलो. मी म्हणालो, "साहेब, या धंद्यातून सुटावं म्हणून मी इथं आलो. तुम्ही सुपरमार्केटचं परत किराणा दुकान करायलात. कंपनीचा नियम हाय, गिऱ्हाइकानं आपल्या हातानं घ्यायचं. पुण्याच्या साहेबांनी बघितलं तर तुमची गठडी वळतील." तो म्हणाला, "कळतंय हो काका. पर पहिल्यांदा तरी कुणी द्यायला नको का?"

आणि पुण्याचे साहेब आले ते नेमके बाजाराच्या दिवशी. काचेच्या केबिनमध्ये परीक्षा सुरू झाली. आमचा साहेब पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत उभा, मी चहा घेऊन कोपऱ्यात. काचेतून सगळं दुकान दिसत होतं. बाया आल्या आणि एकेका फळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. चहापत्तीपाशी आजी. याचं बोलणं हळूहळू अडखळायला लागलं. मी डोळ्यांनी खुणावत होतो की तिकडं बघू नको, बाबा, आईचे पेढे आठव. चौथ्या चित्रावर तो थांबला. "साहेब, एक मिनिट," म्हणाला आणि परीक्षा सोडून बाहेर!

मोठे साहेब त्याच्या मागोमाग गेले, आणि चहा तिथंच ठेवून मीही. आजीनं त्यांचा कोट बघितला आणि विचारलं, "तुमी मालक का?" ते म्हणाले, "तसंच समजा." "मंग आज तुमीच द्या की. या लेकराला किती पळवता?" बाया बघत होत्या. मोठ्या साहेबांनी इकडं तिकडं बघितलं, पुडा उचलला आणि एका हातानं पुढं केला. आजी काही घेईना. आमचं पोरगं हळूच म्हणालं, "दोन्ही हातानं, सर."

त्यांनी दोन्ही हातांनी दिला. मग केबिनमध्ये येऊन बराच वेळ चष्मा पुसत बसले. "उद्या हजार गिऱ्हाइकं आली तर हजारांना देणार का?" असं त्यांनी विचारलं. हा म्हणाला, "न्हाई सर. एकदा दिलं की नंतर त्या आपल्या हातानं घेतेत." खरं तर तोवर एकीनंही घेतलं नव्हतं. त्यांनी याला पास केलं, आणि पुण्याच्या मोठ्या दुकानात बदलीही करून टाकली. जाताना मला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. इथं ठेवला तर तुम्हा सगळ्यांना काउंटरमागं उभं करील."

जायच्या आधीच्या बाजाराला त्यानं आजीला चहापत्तीसमोर उभं केलं. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि म्हणाला, "आजी, ही सगळी फळी मी तुमाला दिली. आता मी असो नसो, कवाबी घ्या. पैसे तेवढे दारात द्यायचे." आजी म्हणाली, "तेवढं कळतंय रं मला." मग आपल्या राठ हातांनी त्याच्या गालावरून बोटं फिरवून तिनं कानशिलावर कडाकडा मोडली. मला उगीचच स्टोअररूममध्ये काम आठवलं.

त्यानंतर दोन बाजार आजी आली नाही. पुण्याहून त्याचा फोन यायचा. पगार वाढलाय, आई खूश आहे, पण एकदा म्हणाला, "काका, हितं कुणालाच काही द्यावं लागत न्हाई. माझ्याकडं कुणी बघत बी न्हाई." मी म्हणालो, चांगलंच आहे की, आराम करा. फोन ठेवल्यावर मात्र मला दिवसभर करमलं नाही. त्या पोराची मला इतकी सवय झाली असेल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या बाजाराला आजी आली. फळीसमोर उभी राहिली. मी पुढं झालो, पुडा द्यायला हात उचलला, तर तिनं मला अडवलं. "राहू द्या. त्या लेकरानं देऊन ठिवलंय," असं म्हणून पदराखालचा हात बाहेर काढला आणि स्वतः पुडा उचलला. कपाळाला लावला, टोपलीत टाकला आणि दाराकडं चालू लागली.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यानं लगेच विचारलं, "काका, पुढचा घेतला का मागचा?"

आजीनं पार आत कोपरापर्यंत हात घालून मागचा ताजा पुडा काढला होता.

"पुढचा," मी म्हणालो.