अक्षता पडल्या की चित्र फुटायचं

लग्नाच्या कॅसेटची सीडी करून देणारं त्या वेळी अख्ख्या रोह्यात आमच्याशिवाय कोणी नव्हतं, हे मी अजूनही ऐटीत सांगते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुकान रोह्याशेजारच्या अष्टमी गावात. पुढे ह्यांचा फोटो स्टुडिओ, मागे पडद्याआड माझा कॉम्प्युटर. शूटिंग ह्यांचं, कॉम्प्युटर माझा आणि भांडण दोघांचं.

भांडणाचं कारण दोन सॉफ्टवेअरं. कॅसेटमधलं चित्र आहे तसं सीडीवर मावत नाही, ते दाबून लहान करावं लागतं. ह्यांनी मुंबईहून दाबणारी दोन सॉफ्टवेअरं आणली. एक झटपट काम करायचं, म्हणून आम्ही त्याचं नाव ठेवलं 'जलद'. जेवून लावलं की चहाच्या वेळेला सीडी हातात. दुसरं 'साधं', म्हणजे एसटीची साधी गाडी, प्रत्येक थांब्यावर थांबणारी. ते लावलं की दिवस गेला म्हणून समजा. आणि मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मी दोन्हींची परीक्षा घ्यायचं ठरवलं. एकाच लग्नातले तेच तुकडे दोघांना दिले: मेंदी लावून गप्प बसलेली नवरी, बँडपुढे नाचणारी पोरं आणि अक्षता. मेंदीत दोन्ही सारखीच. नाचात जलद थोडं घसरलं, पण चालून गेलं असतं. अक्षतांना मात्र त्याने पार माती खाल्ली.

त्याचं कारण कळायला मला बरेच दिवस लागले. चित्र दाबताना ही सॉफ्टवेअरं जे हललं नाही ते पुन्हा लिहीत नाहीत. मागची भिंत, मांडवाचा खांब, पाटावरची नवरी एकदा लिहिली की झालं. हललं तेवढंच नव्याने लिहायचं. आता अक्षता पडताना काय हलत नाही सांगा! चारी बाजूंनी तांदूळ उडतोय, शंभर हात वर जातायत, पोरं पुढे घुसतायत. घाईत असलेल्याला ते सगळं लिहायला वेळ कुठला? मग तोंडांचे चौकोन चौकोन व्हायचे. लादी बसवल्यासारखी माणसं दिसायची. माझं डोकंच फिरायचं. सगळ्या लग्नात महत्त्वाची घटका एकच आणि नेमकी तीच ह्या मेल्याला झेपत नव्हती!

"अगं, लोक काय नथीतले मोती मोजत बसणार आहेत?" हे म्हणायचे. "सीझन आहे, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"मोती नका मोजू, पण नवरी कोणती ते तरी कळायला नको का?"

शेवटी तह झाला. गिऱ्हाइकाला जलदची सीडी द्यायची, कोणी कुरकुर केली तरच साधं लावायचं. खरं सांगते, वर्षभर कोणी कुरकुर केली नाही. मला त्याचाच जास्त राग यायचा. एवढी मेली चित्रं फुटतायत आणि कोणाला दिसत कशी नाहीत?

मग पेणकडच्या एका गावातून मायलेकी आल्या. मिठागरावर काम करणारं घर. मुलीच्या लग्नाला चार-पाच वर्षं झालेली, नवरा मस्कतला कामाला. आता तीही कायमची तिकडे निघाली होती. तिकडे घरात सीडी लावायचं यंत्र होतं, कॅसेटचं नव्हतं. लग्नाचं शूटिंग पेणच्या कोणीतरी केलेलं. घरी व्हीसीआर नसल्यामुळे कॅसेट लग्नानंतर एकदाच भाड्याच्या मशीनवर पाहिलेली, तीही अंगणात अख्ख्या आळीबरोबर, आरडाओरडा करत.

मी जलदवर सीडी केली आणि दोघींना बसवून दाखवली. अक्षतांपाशी मुलगी एकदम उठली आणि टीव्हीला नाक लावलं.

"आये, आप्पा! खांबाजवळ, बघ! निळ्या चौकटीचा शर्ट!"

खांबाजवळ एक निळा माणूस हात वर करून अक्षता टाकत होता. शर्ट कळत होता, उंची कळत होती. तोंडाच्या जागी चार चौकोन होते. आई टीव्हीकडे न बघता पोरीकडे बघत होती.

मुलीनेच मग सांगितलं. तिचा बाप आदल्या पावसाळ्यात गेला. फोटो काढायचा म्हटलं की पळणारा माणूस. घरात भिंतीवर लावायलासुद्धा रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून आणलेला. लग्नाच्या दिवशी तो सारखा धावपळीत, त्यामुळे कॅसेटमध्ये दुसरा कुठेच नाही. "ताई, बाप जिवंत असताना त्याला कॅसेटमध्ये कोण शोधतं हो?" असं म्हणाली आणि रडायला लागली.

"तेवढं तोंड नीट करून द्या. मी शुक्रवारी निघते."

दिला शब्द. असं गिऱ्हाईक मला वर्षभर हवं होतं! ह्यांना म्हटलं, "आता बोला, कोण मोजतंय मोती?" ह्यांनी हात जोडले.

साधं लावलं. लाइट गेली. पुन्हा लावलं, पुन्हा गेली. वीज मंडळाला मी त्या आठवड्यात काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मग डोकं चालवलं. सबंध लग्न कशाला? अक्षतांचा तुकडा वेगळा काढला आणि तेवढाच साध्याला दिला. वेग सगळ्यात कमी, चित्र सगळ्यात चांगलं. गुरुवारी सकाळी तो उतरला. पाहिला आणि मी खुर्चीतून उठलेच. तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा. खांबाजवळच्या माणसाच्या मिशा दिसत होत्या, कपाळावरचा टिळा दिसत होता. हे पुढून आले, बघून म्हणाले, "जिंकलीस बाई." लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाले असतील.

दुपारी आई एकटीच आली. मुलगी सामान बांधत होती. मी मोठ्या कौतुकाने सीडी लावली. ती टीव्हीकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं, नवरा दिसला म्हणून.

"ह्ये ते न्हवत," ती म्हणाली. "ह्यो माझा दीर हाय."

दोघा भावांनी लग्नाला एकाच ताग्यातले शर्ट शिवले होते. अंगलटही एकच.

"मग आप्पा कुठे होते?"

"जनरेटरपाशी. तो सारखा बंद पडत व्हता. अक्षता पडल्या तवा ते मांडवात न्हवतेच. सांजच्याला पोरीने जाताना इचारलं, आप्पा, माझ्यावर अक्षता टाकल्यास ना? ते बोलले, व्हय गो, खांबाजवळ व्हतो."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून..."

"मला म्हायती व्हतं. त्या दिवशी इथे पोर बोलली आप्पा, तर मी काय बोलू?" तिने माझा हात धरला. "पयलीच सीडी द्या. पोरीला सांगा, जमला नाय."

जमलं नाही! आठवडाभर मी जिच्यासाठी मरमर मेले होते ती माझी सीडी तिथे चालू होती, दाणा न् दाणा दिसत होता, आणि मी सांगायचं जमलं नाही? खोटं कशाला बोलते, पहिल्यांदा मला तिचा रागच आला. ह्यांच्याकडे पाहिलं. हे कॅमेरा पुसत खाली मान घालून बसले होते.

तेवढ्यात फोन वाजला. गावातल्या एसटीडी बूथवरून मुलगी बोलत होती. "ताई, आई पोचली का? झालं का नीट?"

आई माझ्याकडे बघत होती. टीव्हीवर तो दीर हात वर करून अक्षता टाकत होता. मी हात लांब करून टीव्ही बंद केला.

"नाही गं," मी म्हटलं. "खूप करून पाहिलं. नाही जमलं. तोंड फुटतंच आहे. पहिलीच सीडी पाठवते."

मग ती म्हणाली, "असू दे ताई, नका वाईट वाटून घेऊ. मला ओळखू येतात ते."