रज्जाकभाऊंच्या गोष्टीला हं

रज्जाकभाऊ गोष्ट सांगता सांगता मधेच थांबत. समोरच्याने 'हं' म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य निघत नसे. "हुंकार नही त गोष्ट नही," म्हणत, "भिताडले काय सांगू?"

मेहरूणमध्ये त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मी तिथे काज-बटण करायला जायची. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लहानपणापासूनच. भाऊ विचारत, "मंदाबाई, तुनी जीभ सासरले गयी का? कवय येई माघारी?" मी हसायची, तेही पदराआड.

भाऊ रेडिओवर अहिराणीतून गोष्टी सांगत. त्यांचे मित्र दामूनाना समोर बसून फक्त हं म्हणत. शिंप्याची गोष्ट तर पाचोऱ्याच्या बाजारातही लोक भाऊंना पुन्हा सांगायला लावत. नवरदेवाची पँट एका पायाला आखूड होते, अख्खी वरात शिंप्याच्या दारात भांडायला येते, आणि शिंपी गळ्यातली टेप सारखी करत म्हणतो, "पँट बरोबर शे. पायच लांब शे." या वाक्याआधी भाऊ जास्तच थांबत. नानांचा हं आला की मग वाक्य, आणि मग हशा.

नाना वारले. त्यानंतर एकदा रेडिओवर बोलावणं आलं, भाऊ गेले आणि तसेच परत आले. "काचना मांगे एक पोऱ्या बशेल व्हता," ते म्हणाले. "नुसता हात हालये. हं नही म्हने." पुन्हा बोलावणं आलं नाही. लोक तयार कपडे घेऊ लागले होते, दुकानातही कुणी येत नव्हतं. बायको आधीच गेलेली. भाऊ बंद मशीनसमोर बसून राहत. डबा न उघडता घरी जाई. एकदा म्हणाले, "मानूस मरानं पहिले त्याना आवाज मरस, मंदाबाई. मना मरी गया." मी सुईत दोरा ओवत राहिले.

त्यांची मुलगी शबाना धुळ्याला दिलेली. ती आली आणि बापाकडे बघून घाबरली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, हे असेच बसले तर जातील." तिने मशीनवर मोबाइल उभा केला. अब्बांनी यात गोष्ट सांगायची, लोक घरोघर ऐकतील, याला पॉडकास्ट म्हणतात.

"रेडिओना नातू शे का हाऊ?" भाऊ म्हणाले. किती दिवसांनी ते असं काही बोलले होते.

त्यांनी शिंप्याची गोष्ट धरली. थांबले, की शबाना घाईने हं म्हणे. "बेटा, गोष्टले बैलनागत हाकलू नको." पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. वरात दारात आली आणि भाऊ गप्प झाले. शबानाही आता भीतीने गप्प. भाऊंनी मशीनवर टाकायचं फडकं उचललं. "बंद कर," म्हणाले.

वरात दारात तशीच उभी होती. मला राहवलं नाही. "हं," मी म्हटलं.

भाऊंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फडकं मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "पँट बरोबर शे. पायच लांब शे."

त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला.

मग शबाना दर आठवड्याला येई आणि गोष्ट होऊ लागली. हसवता हसवता भाऊ बायकोच्या आजारपणावर येत, त्यांचा आवाज अडके. मी हं म्हणे, तो पुन्हा सुटे. फैजपूरहून, पुण्याहून लोक विचारत, ही हं म्हणणारी कोण? "नाव सांगाव नही," भाऊ मोबाइलला सांगत. "सांगं त ती पळी जाई."

एका सकाळी दुकानाच्या पायरीवरच त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शबाना त्यांना धुळ्याला घेऊन गेली. मी एसटीने एकटी गेले. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. ओठ घट्ट मिटलेले, पाण्याचा चमचाही आत जाऊ देत नव्हते.

"ऐकू सगळं येतं, असं डॉक्टर म्हणतात," शबाना म्हणाली. "मी बोलून बोलून थकले, मावशी. तुम्ही बोला." आणि तिने उशाशी मोबाइल उभा केला, दुकानात करायची तसाच.

माझे पाय दाराकडे वळले होते. पण तो चमचा तिच्या हातात तसाच होता.

"एक गाव व्हतं," मी म्हटलं. "गावमा एक शिंपी व्हता." आणि थांबले.

बऱ्याच वेळाने भिंतीकडून आलं, "हं."

अगदी जागेवर आला. भाऊंनी मान वळवली. शबानाने चमचा पुढे केला, त्यांनी तोंड उघडलं.

मग मी तिथेच राहिले. दुपारी गोष्ट आणि गोष्टीबरोबर पेज. दामूनानांचं काम किती कठीण होतं, ते मला भाऊंकडून कळलं. त्यांचा एक हं चुकीच्या जागी आला नाही. पण तो दिवसेंदिवस उशिरा येऊ लागला. पेज उरू लागली.

शेवटच्या दुपारी त्यांनी डोळ्यांनीच दुकानातल्या मापाच्या टेपकडे खूण केली. शबानाने ती त्यांच्या उशाशी ठेवली होती. मी शिंप्याची गोष्ट घेतली. नवरदेव आला, वरात आली, सगळे दारात भांडायला उभे राहिले. मी थांबले.

मी खूप वेळ थांबले. शबानाने बापाच्या छातीवर हात ठेवला आणि स्वतःच्या तोंडात ओढणी कोंबली.

मोबाइल चालूच होता. वरात दारात उभी होती.

"पँट बरोबर शे," मी म्हटलं. "पायच लांब शे."