पंखा फिरतोय, पण सापडत नाही!

मंडळी, फोनची लाइन लागली आहे तोवर आपल्या ई-मेलच्या कट्ट्यावर आजची गंमत सांगून टाकतो.

श्रीरामपुरात मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करून देतो. आज सकाळी देवळाली प्रवराचे आण्णा भाचीची पत्रिका तपासायला आले. ती आजच छापायला जायची होती आणि नेमका कॉम्प्युटर अडून बसला. म्हणे, आतला पंखा सापडत नाही!

झाकण उघडलं तर पंखा गरगर फिरतोय. आण्णांनी माझा टेबलफॅन उचलून थेट कॉम्प्युटरसमोर ठेवला. "घे, ह्यो तरी सापडला का?" माझे कागद उडून रस्त्यावर गेले, कॉम्प्युटर ढिम्म.

शेवटी घोळ कळला. काल धूळ झटकताना पंख्याची वायर मी शेजारच्या जागेत खोचली होती. तिथंही वीज मिळत होती, म्हणून तो फिरत होता. पण कॉम्प्युटर त्याला फक्त ठरलेल्या जागीच शोधत होता.

"म्हंजे बिचारा राबतोय, तरी ह्यो म्हनतो आलाच न्हाई?" आण्णा पोट धरून हसले.

मग वायर बरोबर जागी खोचली आणि पडद्यावर पत्रिका आली. निमंत्रक म्हणून सगळे काका, मामा, दाजी. आण्णांचं हसू थांबलं.

"पोरीची मामी राह्यली की! तिला वाढीवलं कुनी? आमच्या हिचं नाव टाका."

"कुठं टाकू?"

"माझ्या वर. न्हाईतर समोर बसलो तरी तिला मी सापडनार न्हाई!"

पत्रिका गेली छापायला. आता तुम्ही आपापल्या लग्नाची पत्रिका काढा आणि खरं सांगा, तुमची मामी सापडली का?