झाब्रोवचा मेलेला पाय

वेनियामिन लुकिच झाब्रोव हा आमच्या गावातला नामांकित लंगडा. कागदापुरता लंगडा. एरवी भाजीच्या सरकारी गोदामाचा हा मुख्य माणूस दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचा आणि नव्या वर्षाच्या नाचात बायकांची पावलं तुडवत फिरायचा. लाज तर त्यानं कधीच कोळून प्यायली होती.

युद्धात पायाला लागलं, असं त्याच्या कागदावर होतं. तसं ते खोटंही नव्हतं म्हणा. आघाडीपासून हजार किलोमीटर मागे, रसदीच्या कोठारात, त्याच्या पायाच्या अंगठ्यावर खारवलेल्या काकड्यांचं पिंप पडलं होतं. तेवढ्या भांडवलावर पठ्ठ्यानं पंधरा वर्षं सवलती खाल्ल्या. आता त्याला गाडी हवी होती, आमच्या कारखान्यातली.

आमचा कारखाना आधी मोटारसायकली करायचा. युद्ध संपलं, गावोगाव पाय तुटलेली माणसं परतली, तेव्हा वरून हुकूम आला, यांच्यासाठी गाड्या करा. आधी तीन चाकांची केली, मग कुणालातरी अक्कल सुचली आणि चौथं चाक लावलं. इंजिन मोटारसायकलचंच, डोक्यावर ताडपत्री, आत दोन माणसं खेटून. आवाज असा, की गाडी यायच्या आधी गल्लीतली कुत्री भुंकायची. मोठे साहेब तिला बघून हसायचे. ज्याला पाय नाहीत तो हसत नसे. ती सरकारकडून फुकट मिळायची, आणि मिळाली की ती चालवायला शिकवायचं काम माझं. नाव माझं कापितोलिना, पण सगळा गाव मला कापा मावशी म्हणायचा.

त्या साली आमच्या वाट्याला एकच गाडी आली. यादीत पहिलं नाव येर्मोलाय तीखोनोविचचं. त्याचे दोन्ही पाय मांडीपासून गेलेले. बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा. तिथवर चाकं लावलेल्या फळीवर बसून, लाकडी ठोकळ्यांनी जमीन रेटत जायचा. बर्फ पडला की फळी रुते, मग नोव्हेंबर ते एप्रिल खिडकीशी बसून राहायचा. "कापा, यंदाचा हिवाळा तरी बाहेरून बघू दे गं," म्हणायचा.

झाब्रोवनं अपंगत्व ठरवणाऱ्या मंडळाच्या घरोघरी खारवलेल्या अळंब्या पोचवल्या. लगेच यादीत पहिलं नाव झाब्रोवचं झालं.

ऑक्टोबरात गाडी सोपवायचा दिवस आला. कारखान्याच्या अंगणात बाकावर मंडळ बसलं होतं, डॉक्टरीणबाई आणि पेन्शन कचेरीचा अधिकारी. येर्मोलायसुद्धा फळीवरून आला होता, नुसता बघायला. झाब्रोव काठी टेकत, उजवा पाय फरफटवत आला. तो मेलेला पाय त्यानं दोन्ही हातांनी उचलून गाडीत ठेवला. मला तर त्याच्यावर थुंकावंसं वाटलं.

"हे बघा वेनियामिन लुकिच," मी म्हटलं, "हिच्यात पायाला काही काम नाही. क्लच हातात, अ‍ॅक्सिलरेटर हातात, ब्रेकसुद्धा या दांड्याला. कळलं?"

"अहो कापा मावशी, मी गोदाम चालवतो, गोदाम! ही तर काडेपेटी आहे."

"असू दे काडेपेटी. ब्रेक कुठंय?"

"दांड्याला, दांड्याला! सरका आता."

एक फेरा बरा गेला. दुसऱ्या फेऱ्यात झाब्रोवसाहेबांनी बाकाकडे बघून हात हलवला आणि गाडी लाकडाच्या भुशाच्या ढिगाकडे वळली. "ब्रेक!" मी ओरडले. तोंडानं पाठ केलेला धडा अंग विसरलं. इतकी वर्षं पायानं ब्रेक दाबत गोदामाचा ट्रक चालवलेला माणूस तो. त्यानं मेलेल्या पायाचा गुडघा छातीपर्यंत उचलला आणि पत्र्यावर दाणदिशी आपटला, एकदा, दोनदा, तीनदा. तिथं पेडल असतंच कुठं? गाडी भुशात घुसली. झाब्रोव ताडपत्रीतून उडी मारून बाहेर आला आणि दोन्ही पायांनी धावत सुटला.

"ब्रेकच नाहीये! माणसं मारायला निघालात काय?"

"ब्रेक आहे की," येर्मोलाय खालून म्हणाला. "पाय नसलेल्यांना सापडतो."

सगळं अंगण हसलं. पितळ असं चारचौघांत उघडं पडलं, पण लबाडी झाली म्हणून लिहावं तर मंडळाच्या पोटातल्या अळंब्या बाहेर येणार. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, उपचारांनी पाय बरा झाला. झाब्रोवनं खुशाल सही केली आणि काठी खांद्यावर टाकून घरी गेला.

"मग गाडी येर्मोलायला द्या," मी म्हटलं.

अधिकाऱ्याचे कान अजून लाल होते. "आता सगळ्यांचीच नव्यानं तपासणी होईल. पाय बरे होतात, हे आपण आत्ताच पाहिलं."

"माझेही?" येर्मोलायनं विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा. डिसेंबरात या."

डिसेंबरात मी त्याला घसरगाडीवर बसवून ओढत नेलं. जिना चढवायला दोन माणसं लागली. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली नाही.

"मागच्या तपासणीनंतर काही फरक?"

येर्मोलायनं आपल्या मांड्यांच्या थोटकांकडे बघितलं. "आहे ना, बाई," तो म्हणाला. "जरा वाढलेत."

त्यांनी लिहून घेतलं: सुधारणा आहे, गाडीचा विचार पुढच्या वर्षी.