जिथे टिपका, तिथेच डाग

"उजव्या डोळ्यात रेटिनल टेअर आहे. आजच लेझर करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी खुर्चीतून उठलेच.

रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, टेअर म्हणजे त्याला गेलेली चीर. ती वाढली तर पडदा सुटतो, डोळा जातो. हे सगळं त्यांनी समजावलं, पण माझ्या कानात लेझर एवढंच अडकलं. मी नववीत शाळा सोडून रत्नागिरीकडून भाईंदरला आले. स्टीलच्या डब्यांवर नावं कोरते, लेझर मशीनवरच. लेझरचा टिपका स्टीलचं काय करतो ते रोज बघते. तो माझ्या डोळ्यात?

सुरुवात चिलटांनी झाली. डोळ्यापुढे उडायची, हात मारला तरी जाईनात. मग कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. झोप कमी पडतेय म्हणून मी अंगावर काढलं. तुम्ही काढू नका.

शेवटी डोळा दाखवायला सुट्टी मागितली तर कारखान्याचे शेठ म्हणाले, "लेझर से ही आँख गयी तेरी. मशीन छोड, पॅकिंग में बैठ जा."

लेझरआधी बाहेर बाकड्यावर बसवून नर्सने बाहुली मोठी करायचे थेंब घातले. सगळं धुरकट. आईला फोन लावला. ती म्हणाली, "आधी देवाला कौल लावूया. तोवर कोणाला डोळ्याला हात लावू देव नको हां." आमच्याकडे देवाला कळ्या लावतात. उजवी पडली तर होकार.

आत गेल्यावर आधी भांडून घेतलं. "मशीनमुळेच झालं ना हे?"

"नाही. तुमचा नंबर मोठा आहे. अशा डोळ्यांचा पडदा ताणून पातळ होतो. मशीनवर लेझरचा चष्मा लावता ना?"

"कायम."

"मग मशीनला कशाला बोल लावता?"

"पण पडदा मागे आहे. पुढचा डोळा भाजणार नाही?"

"तुमच्याकडे डबा वरखाली झाला तर काय होतं?"

"फोकस जातो. नाव उमटत नाही."

"तेच. मी डोळ्यावर लेन्स टेकवणार. प्रकाश पुढून पसरट जाईल, बारीक होईल तो थेट पडद्यावर. जिथे टिपका, तिथेच डाग."

हे मला पटलं. आमच्या मशीनमध्येही एक लेन्स आधी किरण रुंद करते, शेवटची त्याला सुईच्या टोकाएवढा आवळते. आधी रुंद केल्याशिवाय तेवढा बारीक होतच नाही.

"आणि मी हलले तर?"

"तर मी ओरडेन."

आईला परत फोन केला. "आये, तू कौल लाव. मी थांबत नाय."

हनुवटी स्टँडवर. डोळा बधिर, त्यावर जेली लावलेली गार लेन्स. हिरवे झटके, मध्येच आत टोचल्यासारखं. चिरेभोवती डागांचं कुंपण घालत होत्या त्या. स्टँडचा दांडा एवढा घट्ट धरला की बोटं दुखली. पण हलले नाही.

संध्याकाळी आईचा फोन. "देवानं उजवा दिलान गो!"

"आये, डोळा पण उजवाच होता."

"बघ! मग कधी करतायत?"

"झालं पण."

ती आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, जेवलीस काय.

डाग पक्के धरायला दिवस लागतात. नंतरच्या तपासणीत बाई म्हणाल्या, "चीर बंदिस्त. चष्मा लावून खुशाल काम करा."

"फिर आ गयी?" शेठ म्हणाले.

"आ गयी. पॅकिंग में दूसरा कोई बिठाओ."

चष्मा चढवला, फोकस लावला आणि पहिलं नाव डॉक्टरीणबाईंचं कोरलं, त्यांच्यासाठी घेतलेल्या डब्यावर. एक चिलट अजून डोळ्यापुढे उडतंय. उडू दे. नाव सरळ आलंय.